आतून उघडणारं दार

हैदराबादेत कुठं बरा संडास आहे, हे मला तोंडपाठ आहे. अंबरपेठेत आमच्या घराकडून निघालं की पहिला पेट्रोल पंप लागतो. त्याच्या मागं एक आहे, पण त्याला कडी नाही. पुढं हॉस्पिटलात, तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून. तिथं पाणी असतं आणि कुणी हटकत नाही. सिकंदराबादकडं जायचं तर वाटेत मिठाईचं मोठं दुकान आहे, तिथं आधी काहीतरी विकत घ्यावं लागतं. त्यांची बालूशाही मला आता डोळ्यांसमोर नको.

चार वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या आतड्याला सूज आली, आणि तेव्हापासून मी हे शहर असं ओळखते. औषधं चालू आहेत, पथ्य चालू आहे, जिवाला धोका नाही. फक्त कळ आली की थांबत नाही. लाजून लाजून मी थकले, म्हणून आता सरळ लिहिते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रवासात डायपर लावत जा. पस्तिशीतली पोरगी. मी म्हणलं, तुम्ही आधी लावून चार तास बसून बघा, मग बोलू. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्यात मी, माझी जीभ तिखट झाली त्याला इलाज नाही.

चार तास म्हणजे देगलूर. देगलूरला माझी आक्का असते. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणी घालण्यापासून फी भरण्यापर्यंत सगळं आक्कानं केलं, आणि मी नऊ वर्षांची असताना ती लग्न होऊन देगलूरला गेली. तिला आता प्रवास झेपत नाही, म्हणून मीच जायचं, असं ठरलेलं. रोज सकाळी अकराला तिचा फोन येतो. अर्धा तास बोलतो आम्ही. डाळीचे भाव, सुना, कुणाचं कुठं लग्न जमलं. शेवटी तिचं ठरलेलं एक वाक्य, "कधी यायलीस गं?" आणि माझं, "येते की. बघते."

अडीच वर्षांपूर्वी निघालेही होते. नांदेडला तिच्या नातीचं लग्न होतं. आदल्या दिवसापासून मी उपाशी राहिले, नवी नारायणपेठ साडी नेसले, आणि सिकंदराबादहून रेल्वेत बसलो आम्ही दोघं नवरा-बायको. मेडचल मागं पडलं आणि कळ आली. डब्याच्या एका टोकाचा संडास तुंबलेला, म्हणून बांधून ठेवलेला. दुसऱ्यात कुणीतरी दाढी करत होतं. मी दार बडवलं. "आरूं, आरूं," येतो येतो, असं आतून म्हणाला आणि शिट्टी वाजवत राहिला. पुढचं लिहीत नाही. सगळा डबा बघत होता. माझ्या नवऱ्यानं अंगावरची शाल काढून माझ्या कमरेला गुंडाळली आणि कामारेड्डीला आम्ही उतरलो. आक्काला फोन करून सांगितलं, बीपी वाढलं. भाड्याच्या मोटारीतून घरी येईपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. साडी यांनी स्वतः धुतली, वाळत घातली, घडी करून कपाटात ठेवली. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं नंतर कधीच बोललो नाही. मला तेव्हा वाटलं, किती समजूतदार माणूस मिळाला मला. पुढं त्याच समजूतदारपणानं माझ्या नाकी नऊ आणले.

आमचे हे पुण्याचे. तीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी इथं आले, माझ्याशी लग्न केलं, इथलेच झाले. पण अजून तोंडातून "हो"च्या जागी इथलं "हौ" निघत नाही. मी "नक्को" म्हणलं की अजूनही कपाळाला आठी पडते. निवृत्त झाल्यावर यांना काही सुचेना. मग एक दिवस म्हणाले, आपण एक व्हॅन घेऊ, तिच्यात घर बांधून घेऊ, म्हणजे तुला देगलूरला जाता येईल. पलंग, स्वयंपाकघर, सगळं. मी म्हणलं, "सगळं म्हणजे सगळं ना?" "सगळं," असं म्हणाले, आणि मान दुसरीकडं वळवली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

एका कारखान्याची माणसं ने-आण करणारी जुनी सतरा सीटची व्हॅन मिळाली. सीटा काढून टाकल्या आणि ती आमच्या इमारतीखाली येऊन उभी राहिली. शेजारी विचारायला लागले, टूर कंपनी काढली का? मी गॅलरीत जाऊन दिवसातून वीस वेळा तिला बघायची. आत यायची, पुन्हा जायची. भाजी चुलीवर ठेवून जायची आणि करपवायची. तोपर्यंत मी कुठंच जाणार नाही हे मनाला सांगून गप्प बसवलं होतं. ती रिकामी गाडी दारात आली आणि सगळं गप्प बसणं मोडलं. आता गाडी कुणाकडून बांधून घ्यायची, एवढंच उरलं होतं. गाडीत काय काय हवं त्याचा यांनी कॉम्प्युटरवर तक्ता केला. एक्केचाळीस मुद्दे. मी वाचला नाही, कारण तक्ता म्हटलं की माझं डोकं उठतं. ती माझी चूक.

पहिली कंपनी कोंडापूरला. काचेचं ऑफिस, टी-शर्ट घातलेली पोरं-पोरी, भिंतीएवढा पडदा. माझी सवय अशी की नव्या जागी गेलं की आधी बाथरूम विचारायचं. तिथल्या मुलीनं गोड हसून सांगितलं, दुसऱ्या मजल्यावर, पण कार्ड लागतं आंटी. मी म्हणलं, मग कार्ड आणून माझ्या हातात ठेव. ती बघतच राहिली. पडद्यावर आमची व्हॅन गरगर फिरायला लागली. छताला निळे दिवे, लाकडी फळ्या, बाहेर ओढायचं कापडी छत, त्याच्याखाली दोन खुर्च्या आणि खुर्च्यांवर दोन गोरीपान माणसं, हातात ग्लास. हे खूश. "बॅटरी किती चालेल? सोलर पॅनेल किती?" असं विचारत होते. मी विचारलं, "बाथरूम?"

"आहे ना आंटी, एकदम स्मार्ट!" पलंग उचलायचा, त्याच्याखालचा कप्पा ओढायचा, त्यातून छोटं कमोड बाहेर येतं, त्याचं झाकण काढायचं, आणि चारी बाजूंनी पडदा लावायचा.

मी म्हणलं, "पोरी, तेवढ्या वेळात तर मी देगलूरला चालत जाईन." हे खोकले. पोरांना काही कळलं नाही, ती हसली. मी उठले आणि बाहेर जाऊन गाडीत बसले. यांनी आणखी तासभर लावला. परत येताना रस्ताभर म्हणत होते, "निदान ऐकून तरी घ्यायचंस." मी खिडकीबाहेर बघत पेट्रोल पंप मोजत होते.

तीन आठवडे असेच गेले. आक्काचा फोन, कधी यायलीस. मी, येते की. एकदा तिनं विचारलं, "अगं, गाडी गाडी म्हणतीस, काय आहे तरी काय त्या गाडीत?" मी म्हणलं, सगळी सोय आहे. जास्त बोलले नाही. फोन ठेवला आणि उगाच सगळी भांडी काढून पुन्हा लावली.

दुसरा कारखाना बालानगरला. हा माणूस अँब्युलन्स बांधायचा, फिरती उपाहारगृहं बांधायचा आणि निवडणूक आली की प्रचाराचे रथ. तेलुगू माणूस, कामाचा, बोलणं मोजकं. मला बघून "कूर्चोंडम्मा" म्हणत खुर्ची पुढं केली आणि पुढचं सगळं बोलणं यांच्याशी. त्याचं बाथरूम शेडमध्येच होतं, धुतलेलं. मला माणूस आवडला. आरटीओचे कागद तो स्वतः करणार होता, कुठलं काम कुठल्या आठवड्यात ते लिहून देणार होता. आमच्या ह्यांना असा माणूस म्हणजे साक्षात देवच. दोघं माना जोडून तासभर त्या एक्केचाळीस मुद्द्यांवर बसले. मी बाहेर एका अर्धवट अँब्युलन्सच्या पायरीवर बसून राहिले. म्हणलं, जाऊ दे, ठरतंय तर ठरू दे.

आठ दिवसांनी त्याचं ड्रॉइंग आलं. हे मोठ्या कौतुकानं जेवणाच्या टेबलावर पसरून मला दाखवायला लागले. पुढं ड्रायव्हर, शेजारी माझी सीट, मागं स्वयंपाकाचा ओटा, सिंक, मग पलंग, आणि अगदी मागच्या टोकाला चौकोन. मी माझ्या सीटपासून बोट फिरवत निघाले. ओट्याजवळून, पलंगाजवळून, त्या चौकोनापर्यंत. तिथं भिंत होती. बोट पुढं जाईना.

"अहो, ह्याचं दार कुठं आहे?"

"मागं."

"मागं म्हणजे बाहेर?"

"हो. बाहेरून दोन पायऱ्या करणार आहेत. आत वास नको, ओल नको. आणि ओटा आहे, तुझी पोथी-बिथी असणार, त्याच जागेत ते... बरं दिसतं का?"

"आणि मला कळ आली तर?"

"मी गाडी थांबवीन ना लगेच."

"थांबवाल. मग मी पट्टा सोडणार, खाली उतरणार, हायवेवरून गाडीला वळसा घालणार, पायऱ्या चढणार, दार उघडणार. तोवर काय होईल, सांगा की!"

यांच्या पुण्याच्या घरी संडास अंगणापलीकडं होता, लहानपणी टमरेल घेऊन जायचे. घरात राहायचं आणि घराबाहेर ते करायचं, एवढं साधं यांचं गणित. बंगलोरला, अमेरिकेला नोकरीसाठी राहून आलेला माणूस. पण स्वतः घर आखायची वेळ आली आणि संडास अंगणापलीकडं नेऊन ठेवला!

मी विचारलं, "त्या माणसाला सांगितलंत का, ही गाडी कशासाठी बांधायची आहे?"

"सांगितलं की. प्रवासासाठी."

मी तक्ता मागितला. एक्केचाळीस मुद्दे पहिल्यांदा वाचले. मसाल्याचा डबा ठेवायला खाच होती, चष्मा ठेवायला खाच होती. माझ्या आजाराचा एक शब्द नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलले मी! म्हणलं, तुम्हाला माझी लाज वाटते. म्हणलं, चार वर्षं झाली, तुमच्या तोंडातून तो शब्द निघालेला नाही. अशी गाडी बांधण्यापेक्षा मला घरातच कोंडून ठेवा. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असणार.

हे ड्रॉइंग गुंडाळायला लागले. मग म्हणाले, "लाज नाही गं. त्या दिवशी रेल्वेत सगळे तुझ्याकडं कसे बघत होते, मी बघितलंय. पुन्हा कुठल्या परक्या माणसाच्या तोंडी तुझं हे यावं, असं मला नको होतं."

मला रडू फुटलं, आणि रडतानाही राग गेला नव्हता. माझी अब्रू झाकण्याच्या नादात हा माणूस मला हायवेवर उतरवायला निघाला होता. कुणावर ओरडायचं? आणि मी तरी कुठली शहाणी! सख्ख्या बहिणीला अडीच वर्षं बीपी सांगत होते.

दुसऱ्या दिवशी व्हॅन काढायला लावून मीच यांना घेऊन बालानगरला गेले आणि त्या माणसाला म्हणलं, आत दार करून द्या. तो सरळ माणूस होता. म्हणाला, "अम्मा, आतून दार काढलं तर सगळी मांडणी बदलते. पुढल्या महिन्यात माझ्याकडं प्रचाराच्या गाड्या येणार, मला तेवढा वेळ नाही. उगाच हो म्हणून तुम्हाला फसवणार नाही." मग डोकं खाजवत म्हणाला, ऑटोनगरला एक म्हातारा आहे, बसच्या बॉडी बांधतो. एका वेळी एकच गाडी घेतो. फार हळू काम. पण सांगाल तसं करतो.

हळू म्हटल्यावर मी बोटांवर महिने मोजले. आधीच तीन महिने गेले होते. तरी तिथूनच गाडी वळवून ऑटोनगरला गेलो.

मोठी पत्र्याची शेड, दोन माणसं वेल्डिंग करत बसलेली, आणि म्हातारा स्टुलावर चहा पीत होता. पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे. मी आधी बाथरूम विचारलं. तो उठला, स्वतः दारापर्यंत आला, आत बादलीत पाणी आहे का बघितलं आणि बाजूला झाला. मी बाहेर आले तेव्हा हे तक्त्याची घडी उलगडत होते. म्हाताऱ्यानं तक्ता हातात घेतलाच नाही. मला विचारलं, "बीमारी आपकूच है ना अम्मा?"

मी चमकले. "कसं कळलं?"

"जवान लोगां आते तो पहले पलंग पूछते. आप आतेच बाथरूम पूछे." मग स्टूल माझ्याकडं सरकवत, अगदी कपड्याचं माप घ्यावं तसं विचारलं, "कित्ता टाइम मिलता आपकू?"

चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नाही, आमच्या ह्यांनी नाही. मी स्टुलावर बसले. मी म्हणलं, "आधा मिनट. कभी उत्ता भी नहीं."

ह्यांच्या हातातलं पेन थांबलं. माझ्याकडं बघायला लागले. चेहरा बदललेला मला दिसला. चार वर्षं एका घरात राहून यांना तो आकडा माहीत नव्हता, कारण मी सांगितला नव्हता आणि यांनी विचारला नव्हता.

म्हाताऱ्यानं आमच्या गाडीत शिरून टेपनं मापं घेतली आणि शेडच्या सिमेंटच्या जमिनीवर खडूनं गाडी आखली. खरीखुरी, तेवढीच लांब, तेवढीच रुंद. पुढं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या. "साब, आप चलाओ. अम्मा, आप बाजू में बैठो." मग आधी बालानगरचं ड्रॉइंग आखलं आणि म्हणाला, "अब आपकू तकलीफ हुई. चलो." आणि मोठ्यानं आकडे मोजायला लागला. मी पट्टा सोडल्यासारखं केलं, उतरल्यासारखं केलं, वळसा घालून मागं गेले. साठीची बाई, चपला फटफटवत खडूच्या रेघेभोवती पळतेय! दुसऱ्या कुणी असं करायला लावलं असतं तर मी त्याची खैर ठेवली नसती. पण तो इतका गंभीरपणे मोजत होता की मला वाईट वाटलं नाही. वेल्डिंगवाले मान वर न करता काम करत होते.

आकडा सदतिसावर गेला.

त्यानं पायानं रेघा पुसल्या. संडास आत घेतला, पलंगाच्या अलीकडं. अठरा. आणखी पुढं आणला. तेरा. मग माझ्या सीटच्या बरोबर मागं एक चौकोन दाखवून म्हणाला, "इधर आया तो पाच में काम हो जाता. मगर इधर आपका चूल्हा है, साब."

ओटा. यांचा लाडका ओटा. सिंक, गॅस, मसाल्याची खाच. गेले तीन महिने रोज रात्रीच्या जेवणाला त्या ओट्याची चर्चा झालेली. मी ठरवूनच गप्प बसले. म्हणलं, आता बघूच.

हे खुर्चीवरून उठले. इस्त्रीच्या पँटीत गुडघ्यावर बसले आणि तळहातानं ओट्याची रेघ पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "ओटा नको. आपण डबा नेऊ." मग म्हाताऱ्याकडं बघून, "चूल्हा नहीं चाहिए. पहले इसका करो."

राग राग करायची मी या माणसाचा, आणि त्या क्षणी इतकं भरून आलं की मी तोंड फिरवून उगाच पत्र्याकडं बघत उभी राहिले. परतताना यांच्या पँटीचे दोन्ही गुडघे पांढरे होते. मी म्हणलं, "त्याच्यापाशीच बांधू." हे म्हणाले, "तो कागदावर काही लिहून देत नाही, तारीख देत नाही, आरटीओला एजंट वेगळा लावावा लागेल." मी म्हणलं, "हौ." हे म्हणाले, "बरं."

तारीख दिली नाही ते नाहीच. विचारलं की म्हणायचा, "बनेगा अम्मा, बन जाता." साडेचार महिने लावले. मी दर आठवड्याला जाऊन त्याच्या डोक्यावर बसायची. एकदा म्हणलं, "मी मेल्यावर देणार का?" तो हसून म्हणाला, "आप कायकू मरते, बैठ के देखो." दर वेळी मला सीटवर बसवून उठवायचा. उघडणारं दार चालत्या गाडीत आपटेल, म्हणून सरकतं दार केलं. कडी माझ्या उजव्या हाताला जड गेली, तर काढून डावीकडं लावली. उभं राहताना धरायला एक आडवा दांडा बसवला आणि मला धरायला लावून त्याची उंची दोनदा बदलली. घरी आल्यावर मला चैन नसायचं. पुस्तक उघडायची, मिटायची. आक्का फोनवर म्हणायची, "जाऊ दे गं, नको येऊस, तुला त्रास." तिनं तसं म्हटलं की मला आणखीच घाई व्हायची. बहात्तर वर्षांची बाई, किती दिवस वाट बघणार?

आरटीओतल्या साहेबांनी गाडीत डोकावून विचारलं, एवढ्या मोठ्या गाडीत चूल नाही, टीव्ही नाही, नुसतं हेच? आमचे हे म्हणाले, "माझ्या मिसेसना आजार आहे. त्यांना संडास लागतो, पटकन. गाडी त्यासाठीच केली." तेलुगूत म्हणाले, मोडक्यातोडक्या, आणि मोठ्यानं. रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. बघू देत.

फेब्रुवारीत एका सकाळी निघालो. संगारेड्डीपर्यंत माझा डावा हात त्या कडीवरच होता. हे दर पाच मिनिटांनी, "थांबू?" मी, "चला की हो, सारखं काय विचारता!" जोगीपेठ आलं. काही नाही. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा प्यायले मी, चार वर्षांत पहिल्यांदा, आणि प्यायल्यावर घाबरून वाट बघत बसले. काही नाही. पिटलम गेलं, मदनूर गेलं, महाराष्ट्राची पाटी आली. कळ आलीच नाही. हातभर अंतरावर दार आहे म्हटल्यावर मेली ती यायचीच विसरली. मला हसूही येत होतं आणि संतापही. एवढे महिने, तीन कारखाने, एक ओटा, आणि ही बाई आज सुट्टीवर!

देगलूरला आक्काच्या दारात गाडी लागली. आक्का उंबऱ्यात उभी होती. वाळली होती. मी विचार केला होता त्याहून खूपच वाळली होती. मी उतरून गळ्यात पडले, दोघी रडलो, तिची सून पाणी घेऊन आली, आमचे हे बॅगा उतरवायला लागले. मग आक्का म्हणाली, "दाखव तुझी गाडी." तिला हाताला धरून वर चढवलं, माझ्या सीटवर बसवलं. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि पाठीमागच्या दारावर हात ठेवला.

"हे काय आहे गं?"

"संडास," मी म्हणलं. "माझ्यासाठी. मला कळ आली की थांबत नाही, आक्का. चार वर्षं झाली. लग्नाला आले नाही ते बीपी नव्हतं. रेल्वेत घाण झाली माझी, म्हणून परत फिरले. तुला खोटं सांगितलं."

आक्कानं दार सरकवलं. आत बघितलं. बंद केलं. पुन्हा सरकवलं. मला वाटलं, रागावली. मग माझ्याकडं न बघता, हळू आवाजात म्हणाली, "मला लघवी थांबत नाही गं. नुसतं खोकलं तरी. दोन वर्षं झाली, मी ह्या गल्लीच्या बाहेर गेलेली नाही. देवळात नाही, कुणाच्या बारशाला नाही. सुनेला वाटतं, प्रवास झेपत नाही म्हातारीला."

रोज अर्धा तास. डाळीचे भाव, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं. दोन वर्षं आम्ही दोघी बहिणी रोज अर्धा तास बोलत होतो, आणि दोघींनी एकमेकींना हे सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला.

आक्कानं डोळे पुसले, पदर नीट केला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "भाऊजी, बॅगा राहू द्या तिथंच. बसा गाडीत."

सून अंगणातून ओरडली, "अहो आत्याबाई, कुठं निघालात? पानं वाढलीत की!"

"मला काय माहीत," आक्का म्हणाली. "जाऊ तिकडं जाऊ. तुम्ही जेवून घ्या."

आमच्या ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. यांनी गाडी सुरू केली, आणि गल्लीचं तोंड येईपर्यंत आक्का माझ्या सीटवर ताठ बसून राहिली, एक हात दारावर ठेवून.